चार नाईक आणि अकराची वेळ

कचेरीतला संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी फोंड्यात एका वकिलांच्या कचेरीत काम करते. अशिलांच्या भेटी आणि कोर्टाच्या तारखा मी आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये लिहिते. त्यांचे फोन, पत्ते कॉन्टॅक्ट्समध्ये आहेत. पण कॅलेंडरमध्ये ‘नाईक, ११ वाजता’ एवढंच असतं आणि कॉन्टॅक्ट्समध्ये नाईक आहेत चार. मध्यंतरी साहेब कोर्टात अडकले, भेट पुढे ढकलायची होती, आणि फोन भलत्याच नाईकांना गेला. ज्यांची भेट होती त्या आजी काणकोणहून येऊन दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून मी अशिलाला भेटीत ‘अटेंडी’ म्हणून जोडलं, तर ईमेल थेट त्यांच्या मुलाला गेला आणि तो घाबरून फोनवर फोन करायला लागला. भेट उघडली की त्या माणसाचा फोन, पत्ता समोर यावा, एवढंच मला हवं आहे. कसं करायचं?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : ताई, काणकोणहून फोंड्याला यायचं म्हणजे मडगावला गाडी बदलायची, आणि वयस्क माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो. एक फोन चुकला म्हणून तुम्ही मुळापर्यंत जायचं ठरवलंत, ते मला फार आवडलं. या वेळी सदराची बरीचशी जागा तुमच्याच प्रश्नाला देते.

आधी अटेंडीचा घोळ सोडवू. भेटीच्या नोंदीत माणूस दोन नात्यांनी येतो. एक, ज्याला आमंत्रण धाडायचं तो. दुसरा, ज्याच्या कामाची ती भेट आहे तो. अटेंडी हा पहिला. त्या रकान्यात नाव घातलं की आउटलुकच्या लेखी ती साधी अपॉइंटमेंट राहत नाही, मीटिंग होते, आणि ‘सेंड’ दाबलं की ईमेल निघतो. तुम्हाला दुसरा हवा आहे. निरनिराळी कॅलेंडरं आपसात माहिती देतात-घेतात ती आयकॅलेंडर या मानकाच्या आधारे. हे मानक १९९८ मध्ये आलं आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या नावाने सुधारून निघालं. त्यात ‘अटेंडी’ आणि ‘कॉन्टॅक्ट’ असे दोन रकाने वेगवेगळेच ठेवले आहेत. दुसऱ्यात नाव, फोन लिहायचा किंवा त्या माणसाच्या कार्डाकडे, म्हणजे कॉन्टॅक्ट्समधल्या त्याच्या नोंदीकडे, नेणारा दुवा द्यायचा. म्हणजे तुम्ही मागताय ते जगावेगळं मुळीच नाही. पण रोजच्या वापरातल्या कॅलेंडरांच्या पडद्यावर तो दुसरा रकाना बहुधा दिसतच नाही.

आउटलुकमध्ये एके काळी ही सोय होती. २००३ च्या आवृत्तीत भेटीच्या खिडकीच्या तळाला ‘कॉन्टॅक्ट्स’ असं बटण असायचं. २००७ मध्ये ते सेटिंगमधून चालू करून घ्यावं लागे. तिथे नाव जोडलं की काम झालं. शिवाय उलट बाजूने कार्ड उघडलं, तर ‘ॲक्टिव्हिटीज’ या पानावर त्या माणसाच्या सगळ्या भेटी आणि ईमेल एकाखाली एक लागलेले असायचे. पुढच्या काळात ही सोय काढून टाकली. पणजीतल्या कचेऱ्यांचे संगणक लावून देताना मला तिची उणीव आजही जाणवते. टेबलाशी बसून माणसांचे फोन घेणाऱ्या बाईला याहून जास्त उपयोगाचं दुसरं काही त्या प्रोग्राममध्ये नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

आता जे हाताशी आहे त्यातून कसं साधायचं ते सांगते. हे सगळं जुन्या धाटणीच्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकबद्दल आहे. भेट उघडा. वरच्या पट्टीत ‘इन्सर्ट’वर जा आणि ‘आउटलुक आयटम’ दाबा. एक छोटी खिडकी उघडेल. तिच्या वरच्या अर्ध्या भागात फोल्डर दिसतात, त्यातला ‘कॉन्टॅक्ट्स’ निवडा. खालच्या अर्ध्या भागात नावांची यादी येईल, त्यातलं हवं ते नाव निवडा. लगेच ‘ओके’ करू नका. त्याच खिडकीत ‘इन्सर्ट ॲज’ असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली तीन पर्याय आहेत : टेक्स्ट ओन्ली, अटॅचमेंट, शॉर्टकट. सगळी गोम तिथे आहे.

पहिल्याने कार्डावरचा मजकूर भेटीत उतरतो. दुसऱ्याने कार्डाची प्रत चिकटते. ही प्रत म्हणजे जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची झेरॉक्स : काढली त्या दिवशी खरी, पुढे मुटेशन होऊन मालकाचं नाव बदललं तरी तिच्यावर जुनंच नाव. आजींनी उद्या सिमकार्ड बदललं, तुम्ही कॉन्टॅक्ट्समध्ये नवा नंबर लिहिला, तरी आधी चिकटवलेल्या प्रतीत जुनाच राहणार. तिसरा पर्याय, शॉर्टकट, मूळ कार्डाकडेच नेतो. भेटीच्या मजकुरात एक छोटं चित्र बसतं; त्यावर दोनदा क्लिक केलं की कार्ड उघडतं, आणि ते आज जसं असेल तसं उघडतं. तुम्हाला हवा तो हाच. तुमच्याकडे हा पर्याय फिका दिसत असेल, तर ‘टेक्स्ट ओन्ली’ घ्या, पण मग नंबर बदलला की पुढच्या भेटींतही तो हाताने बदलायचा हे लक्षात ठेवा.

काही जण कार्ड माउसने उचलून डावीकडच्या कॅलेंडरवर सोडतात. तसं करू नका. डाव्या बटणाने ओढलं की आउटलुक थेट मीटिंगचं आमंत्रण तयार करतं, म्हणजे पुन्हा मुलाला ईमेल. उजव्या बटणाने ओढलंत तर काय करायचं ते आधी विचारतं.

शॉर्टकटची एक मर्यादा आहे. ज्या संगणकावर ते कॉन्टॅक्ट्सचं फोल्डर उघडतं, तिथेच तो चालतो. साहेब कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून फोनवर भेट बघत असतील, तर त्या चित्रावर भिस्त ठेवून चालणार नाही. म्हणून भेटीच्या मजकुराची पहिली ओळ नंबरची ठेवा, देशाच्या कोडसकट, आणि शॉर्टकट तिच्याखाली. नंबर दोन ठिकाणी राहतो हे मला स्वतःला पसंत नाही. पण ज्याला कोर्टातून तातडीने फोन करायचा आहे, त्याची गरज मोठी.

आता तुमच्या चार नाईकांकडे येऊ. शॉर्टकट कितीही नीट जोडा, पण ज्या कार्डाला जोडायचा त्यावरच नुसतं ‘नाईक’ असेल, तर निवडतानाच चूक होणार. गोव्यात आडनावावरून माणूस सापडत नाही. नाईक, गावडे, गावकर, प्रभू गावोगाव आहेत, आणि एकेका वाड्यावर एकाच नावाची दोन-तीन माणसं असतात. म्हणून कार्डावरचा ‘फाइल ॲज’ हा रकाना मनावर घ्या, कारण यादीत जे दिसतं ते तिथूनच येतं. समजा, आजींचं नाव सुमन नाईक, गाव आगोंद, आणि तुमच्या कपाटातली फाइल ११२. तर तिथे लिहा : ‘नाईक सुमन, आगोंद, फा११२’. मध्ये जागा न सोडता ‘फा११२’ असंच लिहा, शोधताना सोपं जातं. हाच खुणेचा शब्द भेटीच्या विषयातही घाला : ‘सुमन नाईक, आगोंद, फा११२, मुखत्यारपत्रावर सही’. मग वरच्या शोधाच्या चौकटीत क्लिक करून, कुठे शोधायचं त्या यादीतून ‘ऑल आउटलुक आयटम्स’ निवडून ‘फा११२’ शोधलंत, की कार्ड, भेटी आणि तो शब्द असलेले ईमेल सगळे एका यादीत येतात. ॲक्टिव्हिटीजचं जे पान गेलं, त्याची बरीच भरपाई यातून होते. शॉर्टकट काही कारणाने तुटला तरी ही खूण टिकते, म्हणून दोन्ही करा.

त्यात आपल्याकडे स्पेलिंगचा प्रश्न आहेच. जुन्या दस्तांवर तेच आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं, आधार कार्डावर इंग्रजी वळणाने, आणि तुम्ही कार्ड देवनागरीत केलेलं. आउटलुक अक्षरं जुळवतं, उच्चार नाही. ‘निकनेम’चा रकाना बहुतेक कचेऱ्यांत रिकामाच पडून असतो, तिथे दस्तावरचं आणि आधारवरचं, दोन्ही स्पेलिंगं लिहून ठेवा.

वकिलांच्या कचेरीत एका भेटीला एकच माणूस क्वचित असतो. गोव्यात घर किंवा जमीन विकायची तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा त्या भेटीत दोघांच्या कार्डांचे शॉर्टकट हवेत, एकाच्याच कार्डात ‘आणि पत्नी’ लिहून भागवू नका. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटण्याच्या, प्रकरणात तर वारस आणि वारसांचे जोडीदार मिळून माणसांची रांगच लागते. वारसा, खास नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रियेचा गोव्याचा २०१२ चा कायदा २०१६ मध्ये अमलात आला. त्याखाली चालणाऱ्या कामात एक वारस डिचोलीत, एक दुबईत, एक लिस्बनला, हे नेहमीचं आहे. अशांचे नंबर कार्डात अधिक चिन्ह आणि देशाचा कोड घालूनच ठेवा : भारताचा ९१, अमिरातीचा ९७१, पोर्तुगालचा ३५१, ब्रिटनचा ४४. वेळेचंही बघा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बारा महिने. लंडन आणि लिस्बन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. भेटीच्या खिडकीत ‘टाइम झोन्स’ असं बटण आहे. ते दाबून वेळ कुठली ते नोंदीतच ठरवून टाका, म्हणजे मनातल्या मनात हिशेब करायला नको.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. अशिलाच्या कार्डात खालच्या मोठ्या चौकटीत आपण काहीबाही लिहून ठेवतो. ‘ऐकू कमी येतं, मोठ्याने बोलावं.’ ‘धाकट्या भावाशी बोलणं नाही.’ ते लिहावंच, तुमच्यानंतर फोन घेणाऱ्या मुलीला ते कळायला हवं. पण त्याच भेटीची कधी मीटिंग करून आमंत्रण धाडलंत, तर मजकुरात जे असेल ते सगळं समोरच्याकडे जातं. कार्ड अटॅचमेंट म्हणून चिकटवलेलं असेल, तर त्यातली ही वाक्यंसुद्धा. शिवाय आमंत्रितांना एकमेकांचे ईमेल दिसतात. वाटणीच्या प्रकरणात भावाभावांच्या हाती एकमेकांचे पत्ते असे पडणं बरं नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी अशिलाने विश्वासाने सांगितलेलं कचेरीबाहेर जाता कामा नये. म्हणून नियमच करा : आतल्या कामाची अपॉइंटमेंट वेगळी, तिच्यात शॉर्टकट आणि टिपणं. आमंत्रण पाठवायचंच असेल तर त्यासाठी नवी, कोरी मीटिंग, तिच्यात जागा, वेळ आणि बरोबर आणायचे कागद, बस्स.

जुन्या नोंदी दुरुस्त करत बसू नका. पुढच्या महिन्याभराच्या भेटी उघडा, त्यांतल्या माणसांची कार्डं आधी नीट करा, मग शॉर्टकट जोडा. नवी भेट फोनवर ठरत असेल, तर फोन ठेवण्याआधीच गाव आणि फाइलचा नंबर विचारून घ्या. आणि जमलं तर आजींच्या कार्डात एवढं जरूर लिहा : ‘काणकोणहून बसने येतात, बदल असेल तर आदल्या संध्याकाळी कळवावे.’

प्रश्न : आमचं हौशी नाट्यमंडळ साखळीच्या आसपासच्या गावांत जत्रांना, कालोत्सवांना संगीत नाटकं करतं. तारखा मी फोनवर गुगल कॅलेंडरमध्ये लिहितो. ऑर्गनवाला, तबलजी, रंगभूषेचे काका, देवस्थानचा माणूस, सगळ्यांचे नंबर फोनमध्ये आहेत, पण ते प्रयोगाला जोडता येत नाहीत. गेस्टच्या रकान्यात नंबर घेतच नाही.
— एक वाचक, साखळी

उत्तर : भाऊ, तो रकाना फक्त ईमेलचा आहे. आणि कुणाचा ईमेल असला तरी या कामासाठी तिथे टाकू नका. ‘आमंत्रण पाठवू नका’ असं निवडलं तरी गुगल वापरणाऱ्याच्या कॅलेंडरात तुमची नोंद दिसू शकते.

तुमच्यासाठी डिस्क्रिप्शनचा रकाना आहे. एकदा संगणकावर बसा, गुगल कॉन्टॅक्ट्स उघडा आणि तबलजींचं नाव उघडा. वरच्या पट्टीत त्या कार्डाचा स्वतःचा पत्ता दिसेल. तो कॉपी करून प्रयोगाच्या नोंदीत डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवा, आणि त्याच्या आधी नाव, काम आणि अधिक ९१ लावून नंबर. दुवा तुमच्याच खात्यातून उघडतो, दुसऱ्या कुणाला त्यातून काही दिसत नाही. सत्तरीत आत गेलं की रेंज जाते, तिथे दुवा उपयोगाचा नाही. म्हणून नंबर आकड्यांत लिहिलेला हवाच. कॉन्टॅक्ट्समध्ये ‘लेबल’ लावायची सोय आहे : ऑर्गन, तबला, रंगभूषा, नेपथ्य. ऐन वेळी तबलजी आजारी पडला, की त्या लेबलखालची बाकीची नावं लगेच समोर येतात.

माझा आग्रह असा की एका प्रयोगाची एकच नोंद करून सगळ्यांची नावं तिच्यात कोंबू नका. नाटक रात्री दहाला असेल, पण रंगभूषा सातला सुरू होते आणि नेपथ्याचा टेम्पो दुपारीच निघतो. ज्याची वेळ वेगळी त्याची नोंद वेगळी, आणि त्या नोंदीत त्याचाच नंबर. मग आठवणीची घंटा वाजली की कुणाला फोन करायचा ते शोधावं लागत नाही.

‘दरवर्षी’ असा रिपीट मात्र जत्रेच्या नोंदीला कधीच लावू नका. तुमच्याच विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा घ्या. ती कार्तिकातल्या तिथीने येते, इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. रिपीट लावला तर पुढच्या वर्षी भलत्याच दिवशी घंटा वाजेल आणि खरी रात्र दुसऱ्या मंडळाला दिलेली असेल. पंचांग हाती आलं की त्या वर्षाच्या तिथी बघून नोंदी नव्याने करा. जुन्या नोंदीची ‘डुप्लिकेट’ काढून नुसती तारीख बदलली, तर डिस्क्रिप्शनमधले नंबर आणि दुवे तसेच राहतात. देवस्थानचा माणूस मात्र दरवेळी तपासा. कमिटी बदलली की फोन उचलणाराही बदलतो.

प्रश्न : पत्नीला तपासणीसाठी अधूनमधून बांबोळीला न्यावं लागतं. मुलगा शारजाला असतो. त्यालाही तारीख कळावी आणि वेळेला कुणाला फोन करायचा तेही दिसावं, असं काही करता येईल का? मला संगणकाचं फारसं कळत नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, पेडणे

उत्तर : काका, नक्की करता येईल, आणि बरंचसं काम मुलगा सुट्टीत आला की त्याच्याकडूनच करून घ्या. तुमच्या गुगल खात्यात ‘तपासणी’ नावाचं वेगळं कॅलेंडर करा आणि संगणकावरून तेवढंच त्याच्याशी शेअर करा. बाकीच्या नोंदी तुमच्याकडेच राहतील. प्रत्येक तारखेच्या नोंदीत चार गोष्टी असू द्या : विभाग, काकूंच्या केसपेपरचा नंबर, तुम्हाला घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याचा फोन आणि शेजारच्या कुणाचा तरी फोन. मुलाला खरा उपयोग शेवटच्या दोन नंबरांचा होईल, कारण तुम्ही दवाखान्यात असताना तुमचा फोन लागेलच असं नाही.

नोंदीत साडेनऊ लिहिलंत तर त्याच्या फोनवर आठ दिसतील. ते बरोबरच आहे, शारजा दीड तास मागे आहे आणि कॅलेंडर तो हिशेब आपोआप करतं. त्याच्या सोयीसाठी म्हणून तुम्ही वेळ कमी करून लिहू नका. तपासणीचे कागद फोटो काढून नोंदीला जोडायची गरज नाही, ते फाइलीतच ठेवा. पुढची तारीख मिळाली की तिथल्या बाकावर बसल्या बसल्याच नोंद करा, आणि गाडीवाल्याला तेव्हाच फोन करून ती तारीख सांगून ठेवा.